चर्चने काढलं, पण मावशीने बोलावलंय. जाऊ का?

जुनी पेटी (सोमवार, १५ डिसेंबर, रात्री ११:४२)

जय ख्रिस्त, नमस्कार, आणि इंदूरवाल्यांना राम राम.

सहा वर्षं इथे नुसता वाचतोय. भुट्ट्याच्या किसात दूध आधी की नंतर या भांडणात एकदा तोंड घातलं होतं, तेवढंच. आज लिहितोय कारण हा प्रश्न आईला विचारता येत नाही आणि मित्राला विचारला तर तो हसतो. तो देवच मानत नाही.

मी पाळक होतो, म्हणजे चर्चचा पास्टर. दीक्षित, म्हणजे डोक्यावर हात ठेवून, गाऊन चढवून, रीतसर. नऊ वर्षं सेवा केली. मंडळी, म्हणजे चर्च, कोणती, गाव कोणतं, हे विचारू नका, सांगणार नाही. इंदूर नव्हे एवढं पुरे. मी समलिंगी आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणीतरी माझा फोन उघडला, आणि कमिटीची बैठक बसली. माझ्यातून हे काढायला तीन दिवस 'सुटकेची प्रार्थना' झाली, त्याबद्दल पुढे कधी जमलं तर लिहीन. मग एक कागद आला, त्यावर पाच सह्या. चार महिन्यांचा पगार अडवला आणि पंधरा दिवसांत क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. मी, आई, दोन ट्रंका आणि ही वाजवायची पेटी टेम्पोत घालून इंदूरला आलो. आता भंवरकुआँच्या एका कोचिंगमध्ये इंग्रजी शिकवतो. सुदामा नगरात दोन खोल्या आहेत.

त्या पाच सह्यांतली एक मावशीची होती. सख्खी मावशी नव्हे, निवृत्त नर्स, सगळी मंडळी त्यांना मावशीच म्हणायची. काका आजारी होते तेव्हा अकरा महिने मी दर शुक्रवारी त्यांच्याकडे जायचो. त्या चहा करायच्या, मी काकांना स्तोत्र वाचून दाखवायचो, काका झोपून जायचे, आणि मावशी म्हणायच्या, "वाच रे, झोपेतही ऐकू येतं." आणि त्याच मावशींनी सही केली.

आता त्या इथेच इंदुरात नवलख्याला मुलाकडे असतात. दुखणं शेवटचं आहे. परवा सुनेचा मेसेज आला: "आई म्हणतायत, २४ ला प्रभुभोजन तूच घेऊन ये. दुसरा कुणी नको." प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत पाळकाने द्यायची भाकर आणि द्राक्षरस.

जाऊ का? आणि गेलो तर काय म्हणून जाऊ?

भिया_इंदुरी (११:५८)

भिया, सकाळी जा. पोहे खाऊन जा, उपाशीपोटी माणूस माफ करत नाही.

शेवपोहे (मंगळवार, सकाळी ७:१०)

@भिया, प्रत्येक धाग्यात पोहे आणलेच पाहिजेत का?

भिया_इंदुरी (७:१४)

स्वतःचं नाव वाचून मग बोला.

रामबागकर (९:३०)

पेटीराव, तुमचं लिहिणं वाचून वाईट वाटलं. मी ७१ वर्षांचा, रामबागेत जन्म गेला. ख्रिस्ती समाजाबद्दल फारसं ठाऊक नाही. एक विचारतो, राग मानू नका. पाळक व्हायच्या आधी तुम्हाला हे कळलं नव्हतं का? कळलं असेल तर त्या वाटेला गेलातच कशाला? आमच्यात म्हणतात ना, ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला विचारायची.

तर्ककर्कश (९:४७)

माझं उत्तर: जाऊ नका. ज्या संस्थेने तुमचा पगार खाल्ला, घर काढून घेतलं, डोक्यात भरवलं की तुम्ही विटाळ आहात, तिचा ब्रेड आणि द्राक्षरस तुम्ही फुकटात घरपोच का द्यायचा? बाईला मरताना अपराधी वाटतंय. तो तिचा प्रश्न. शिवाय मूळ मुद्दा असा की देव नाहीच, तेव्हा…

दोन वेण्या (९:५२)

तर्ककर्कश, 'तेव्हा' च्या पुढचं आम्हाला पाठ आहे. राहू द्या.

जुनी पेटी (रात्री १०:२०)

रामबागकर काका, राग कसला. चौदाव्या वर्षी कळलं होतं. पण तेव्हा त्याला नाव माहीत नव्हतं, आणि हिंदीत जे शब्द कानावर पडायचे ते सगळे शिव्या होते. मला वाटलं, देवाच्या कामाला लागलो की देव हे काढून घेईल. सौदाच म्हणा ना. धर्मशास्त्राच्या कॉलेजात दर आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, उपास केले. दीक्षेच्या दिवशी गुडघ्यावर होतो, डोक्यावर सहा-सात जणांचे हात, एकाचं घड्याळ केसांत अडकलेलं, आणि मी मनात म्हणत होतो, आता काढ, आत्ता काढ.

त्याने काही काढलं नाही. पण त्याच दुपारी एका बाईने बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पास्टरसाब, दुआ कर दो." मी प्रार्थना केली, बाळ माझ्या नव्या गाऊनवर ओकलं, आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. सौदा बुडाला आणि नोकरी लागली, असं झालं.

म्हणजे काका, मला त्याच गावाला जायचं होतं. अजूनही आहे.

नगरी मेंढरू (बुधवार, सकाळी ६:०५)

जय ख्रिस्त बंधू. कटू वाटेल, पण बहीण-भावांत खरं बोलावं. आपल्यावर अन्याय झाला असेल तर देव पाहील. परंतु लेवीय १८, रोमकरांस पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, समलिंगी संबंधांविरुद्धची बायबलातली ही वचनं स्पष्ट आहेत. मोह कुणालाही होतो. पण पाळकाला माप वेगळं, तो निर्दोष असावा असं तीमथ्याला लिहिलंय. तुम्ही मावशींकडे अवश्य जा, हात धरा, प्रार्थना करा. प्रभुभोजन मात्र ज्याला अधिकार आहे त्यानेच द्यावं. मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन.

सुकेळी (७:४०)

वसईहून. आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमची भांडणं वेगळी, पण अधिकाराचा मुद्दा निघालाच आहे तर ऐका.

एक. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत हेच भांडण पेटलं होतं. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ शत्रूच्या हाती दिले, अशांच्या हातचे संस्कार चालतात का? डोनाटस पंथाचे लोक म्हणाले, नाही. संत ऑगस्टीनने उत्तर दिलं की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर तो टिकत-बुडत नाही. अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांत २६ वं कलम हेच सांगतं. म्हणजे मेंढरूभाऊ, तुम्ही पेटीदादांना अगदी नालायक ठरवलंत तरी त्यांच्या हातची भाकर खोटी ठरत नाही. गंमत आहे की नाही!

दोन. आमच्याकडे एकदा धर्मगुरू झाला की तो शिक्का पुसत नाही. सेवेतून काढलेला धर्मगुरूसुद्धा मरणाच्या दारातल्या माणसाला पापक्षमा देऊ शकतो, आमच्या चर्चच्या कायद्यात तसं कलमच आहे, ९७६ वं. चर्चला ठाऊक असतं की मरणारा माणूस ऑफिसच्या वेळा बघत नाही.

आमचं सगळं छान चाललंय असं नव्हे हो. आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २३५७ व्या परिच्छेदात समलिंगी कृतीला विकृतीच म्हटलंय आणि २३५८ व्यात म्हटलंय की अशा माणसांना आदराने, करुणेने वागवा. एका हाताने चापट, दुसऱ्याने रुमाल.

नगरी मेंढरू (८:१५)

ताई, वैध आणि योग्य यांत फरक आहे. संस्कार वैध असेल, पण मंडळीची शिस्त म्हणून काही आहेच ना? उद्या जो तो घरोघरी वाटत सुटेल.

सुकेळी (८:२२)

शिस्त हवीच. ती पगार अडवणाऱ्यांनाही लावा मग.

शेवपोहे (११:००)

इंदूरकरांसाठी थोडी माहिती. आपलं ख्रिश्चन कॉलेज, जिथे किशोरकुमार शिकला आणि कँटीनची उधारी ठेवून गेला असं सांगतात, ते १८८७ चं. काढलं कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनने. हे लोक १८७७ मध्ये माळव्यात आले. पुढे १९२५ मध्ये त्या मंडळीचा मोठा भाग कॅनडात युनायटेड चर्चमध्ये गेला. आणि त्या युनायटेड चर्चने १९८८ मध्ये ठरवलं की लैंगिक कल काहीही असो, माणूस सभासद होऊ शकतो आणि पाळकपदासाठीही त्याचा विचार होऊ शकतो. त्यावरून तिकडे पुष्कळ लोक सोडून गेले, तरी निर्णय फिरवला नाही.

म्हणजे ज्यांनी आपल्याकडे शाळा, दवाखाने, घंटा आणि बाकं आणली, त्यांच्या घरी हा विषय ३७ वर्षांपूर्वी मिटला. आपल्याकडे बाकं तेवढी राहिली.

भिया_इंदुरी (११:०६)

किशोरदांची उधारी मिटली का पण?

सयाजीगंज (दुपारी १:३०)

बडोद्याहून. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट चर्चने १९७२ मध्ये समलैंगिकतेबद्दल 'हे ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत' असं लिहिलं आणि २०२४ च्या मे महिन्यात शार्लटच्या परिषदेत ते काढून टाकलं. समलिंगी पाळकांवरची बंदीही तिथेच उठली, ६९२ विरुद्ध ५१ मतांनी. मी उत्साहाने फतेहगंजच्या एका मेथडिस्ट मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, इथलं मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे. तिकडचा ठराव इकडे लागू नाही." बावन्न वर्षं थांबून निकाल लागला तोही परगावी.

आमच्या बाजूचं एक उदाहरण. राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल. २००६ मध्ये त्यांनी आपण समलिंगी असल्याचं वर्तमानपत्रात उघड सांगितलं तेव्हा पुतळे जाळले, घराण्याने नातं तोडल्याची जाहीर नोटीस दिली. माणूस तिथेच राहून काम करत राहिला.

महूकर (संध्याकाळी ६:४५)

राजाला राहता येतं हो. त्याच्याकडे महाल असतो. पाळकाला क्वार्टर असतं, तेही मंडळीचं.

रामबागकर (७:२०)

मी दिवसभर विचार करत होतो. मला चोखोबा आठवले. देवळात पाऊल टाकू देत नव्हते, तरी विठ्ठल सोडला नाही. मंगळवेढ्याला वेस बांधताना दरड कोसळून गेले आणि शेवटी पंढरपुरात महाद्वाराशीच समाधी झाली. पेटीराव, तुमची वाट तीच दिसते. बाहेर राहूनही भक्ती करता येते.

महूकर (८:०५)

रामबागकर काका, वडीलकीचा मान ठेवून सांगतो. हे उदाहरण आम्हाला लहानपणापासून ऐकवलं जातं आणि ऐकवणारा नेहमी देवळाच्या आतून बोलत असतो.

चोखोबा गेले १३३८ साली. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडलं १९४७ मध्ये, तेही साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे नऊ वर्षं. पेटीदादांकडे एवढा वेळ नाही.

माझ्या गावात १८९१ मध्ये एक मूल जन्माला आलं. त्याने १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ मध्ये नागपूरला ते खरं केलं. मधे एकवीस वर्षं आहेत, लक्षात घ्या. वाचलं, तपासलं, वाद घातले, घाई केली नाही. पण पायरीवर बसूनही राहिले नाहीत. पेटीदादा, तुम्ही सोडू शकता. सोडणं म्हणजे हरणं, असं तुमच्या मनात कुणी भरवलं असेल तर ते त्या तीन दिवसांच्या प्रार्थनेतलंच उरलेलं आहे.

रामबागकर (८:३०)

महूकर, मी आतूनच बोलत होतो. हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

सुकेळी (९:१०)

सोडणं-राहणं यांच्या मधेही जागा आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. पगार सोडला, ख्रिस्त ठेवला.

महूकर (९:१८)

त्यांनी स्वतः सोडली ताई. यांना काढलंय. राजीनामा आणि बडतर्फी एका मापात मोजू नका.

मनकवडी (१०:००)

व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'बदलण्याचे उपचार' करणं हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. प्रार्थना करणारे डॉक्टर नसतात, त्यांना हा नियम लागत नाही. पण खोलीत बंद ठेवणं, उपाशी ठेवणं, झोपू न देणं याचं शरीरावर काय होतं ते मी रोज बघते. 'सुटका प्रार्थने'तून आलेली माणसं देवळाची घंटा वाजली तरी दचकतात. पेटीदादा, झोप लागते का?

दोन वेण्या (१०:४०)

माझा मुलगा बावीसचा आहे. त्याने मला सांगितलं त्या दिवशी मी कढईत शेव तळत होते. मी म्हटलं, "थांब, हा घाणा होऊ दे." आजही त्याला वाटतं की मला धक्का बसला म्हणून मी तसं म्हटलं. खरं म्हणजे तेल तापलं होतं. पण त्या दोन मिनिटांत तो स्वयंपाकघराच्या दारात ज्या चेहऱ्याने उभा होता तो मला जन्मात विसरता येणार नाही.

मावशीबाईंनी सही केली त्याचा मला इतका राग आलाय की मी धागा बंद करून पुन्हा उघडला. पण शेवटी बोलावलं कुणाला, तर ह्यालाच. अकरा महिन्यांच्या शुक्रवारांनी ते काम केलंय. कागदाला ते पुसता आलं नाही.

धागा सांभाळणारे (गुरुवार, सकाळी १०:००)

रात्री धर्मांतर, परकीय पैसा वगैरे विषयांवर आलेले सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. तिथेही शिस्तीत लिहा.

जुनी पेटी (रात्री ११:१५)

उडवलेल्यांतले दोन मी वाचले होते. बरं झालं, कारण त्यातूनच एक सांगता येईल.

मला इथे आणि व्यक्तिगत निरोपांतही विचारलं गेलं की पोलिसांत का नाही गेलास. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर ६ सप्टेंबर २०१८ लाच गेलं. खरंय. पण मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. आमच्या मंडळ्या नुसत्या वाढदिवसाच्या प्रार्थनेलाही घाबरून माणसं बोलावतात. अशात मी चौकीत जाऊन म्हणायचं की चर्चच्या खोलीत तीन दिवस हे झालं? दुसऱ्या दिवशी दारात कोण उभं राहील ते मला माहीत आहे, आणि ते माझ्यासाठी आलेले नसतील. ज्यांनी मला मारलं त्यांना वाचवायला मी गप्प बसलो. महूकर, हे तुम्हाला पटणार नाही. मलाही रोज पटत नाही.

त्या तीन दिवसांचं थोडं सांगतो. खोली सेमिनारची होती, भिंतीवर मुलांनी केलेलं नोहाचं तारू, त्यातला जिराफ हत्तीपेक्षा लहान. डोक्यावर तेल ओतायचे. खोबरेल होतं, ऑलिव्ह संपलं होतं म्हणे. दुसऱ्या रात्री ते दमले आणि एकजण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. मी हललो नाही, त्याची झोपमोड नको म्हणून. अजूनही खोबरेलाचा वास आला की मळमळतं, आणि आई बिचारी तेच तेल लावते. मनकवडी ताई, झोप लागते, पण पहाटे साडेतीनपर्यंतच.

साडेतीनला उठतो आणि पेटी काढतो. शेजारी सहन करतात. स्तोत्र ८८ म्हणतो. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे. हे एकच असं आहे की शेवटपर्यंत वळत नाही, अंधारातच संपतं. ते कुणी खोडलं नाही, पुस्तकात ठेवलं. ज्याने ठेवलं त्याचे माझ्यावर उपकार आहेत. तर्ककर्कश, तुम्ही म्हणाल भिंतीशी बोलतोस. असेल. पण भिंतीवर एवढा राग येत नाही.

मेंढरूभाऊ, तुमच्या वचनांबद्दल. ती मला तुमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकवली गेलीत. करिंथकरांतल्या त्या शब्दासाठी इंग्रजी बायबलात 'समलिंगी' हा शब्द पहिल्यांदा आला १९४६ मध्ये. त्याआधी भाषांतरकार वेगवेगळे शब्द घालत होते. सदोम शहर कशासाठी जळलं तेही यहेज्केलाच्या १६ व्या अध्यायात लिहिलंय: गर्व, पोटभर अन्न, आणि गरिबाला हात न देणं. पण वचनाला वचन मारायचा मला आता कंटाळा आलाय.

मी ज्याला धरून आहे तो प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात भेटतो. कांदके राणीचा खजिनदार, कूशी म्हणजे इथिओपियाचा, षंढ. मराठीत शब्द तोच आहे, मऊ केलेला नाही. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायाप्रमाणे असल्या माणसाला मंडळीत प्रवेश नव्हता. तरी हा इतक्या लांबून यरुशलेमेला उपासनेला गेला. तिथे काय झालं ते लिहिलेलं नाही. परतीच्या रस्त्यावर तो रथात बसून काय करतोय? यशयाचं पुस्तक वाचतोय, मोठ्याने. दारातून परत पाठवलं असेल, तरी पोथी सोबत आहे. ख्रिस्ताचा प्रचारक फिलिप्प त्याला भेटतो तेव्हा तो ५३ व्या अध्यायावर असतो. तीन अध्याय पुढे, ५६ व्यात, षंढांसाठी लिहिलंय की त्यांना माझ्या घरात मुला-मुलींपेक्षा चांगलं नाव देईन. मला कायम वाटतं, त्याने पुढे वाचलं असणार. गाझाचा रस्ता लांब आहे. आणि पाणी दिसल्यावर तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे. फिलिप्पाला हरकती सांगता आल्या असत्या, चिकार होत्या. तो गप रथातून उतरला.

नगरी मेंढरू (शुक्रवार, सकाळी ५:५०)

बंधू, रात्री तुमचं वाचून बायबल उघडलं. ५६ वा अध्याय मी आधी वाचलेला आहे, पण असा नाही. माझं मत बदललेलं नाही, खोटं बोलणार नाही. पण सेवकाचा चार महिन्यांचा पगार अडवणं हे पाप आहे, याकोबाच्या पत्रात कापणीवाल्यांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल जे लिहिलंय तेच. तेलाबद्दल वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. मी स्वतः अशा एका प्रार्थनेत हात ठेवले आहेत. बारा वर्षं झाली. तो मुलगा आता कुठे आहे मला माहीत नाही.

दोन वेण्या (६:३०)

शोधा त्याला.

तर्ककर्कश (८:००)

मेंढरूभाऊंचा प्रतिसाद वाचून मी माझा लिहिलेला प्रतिसाद खोडला. दुर्मीळ घटना, नोंद व्हावी.

शेवपोहे (९:१५)

पेटीदादा, स्वतःची मंडळी का काढत नाही? अमेरिकेत ट्रॉय पेरी म्हणून एक पेंटेकॉस्टल पाळक होते, असंच काढलेले. मरायला निघाले होते, वाचले. ऑक्टोबर १९६८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ स्वतःच्या घरात उपासना घेतली, बारा माणसं आली. त्यातून आख्खं चर्च उभं राहिलं.

जुनी पेटी (९:४०)

माझ्याकडे सध्या दोन आहेत. एक आई, आणि दुसऱ्या खालच्या मजल्यावरच्या सिंधी आजी, ज्या पेटी ऐकायला येतात आणि शेवटी "झूलेलाल" म्हणून जातात. दहा कमी पडतायत.

भिया_इंदुरी (९:४४)

रविवारी पोहे ठेवा, शंभर येतील.

रामबागकर (११:३०)

अहो, मूळ प्रश्न राहिला की. २४ तारीख बुधवारी आहे. माझं मत: पेटीराव, मी पहिल्या दिवशी चुकीचा प्रश्न विचारला. जायचं तर तुमच्या मनाने जा. नाही गेलात तरी कुणी तुम्हाला लहान म्हणणार नाही. गेलात तर नवलख्यापर्यंत माझी गाडी आहे, थंडीत रिक्षा कशाला.

मनकवडी (दुपारी १२:१०)

जाताना एक ठरवून जा: कधीही उठून निघता येईल असं बसा. दाराजवळची खुर्ची.

महूकर (१:००)

मी अजूनही 'जाऊ नका'च्या बाजूने. पण गेलात तर गाऊन घालून जा. पाहुणा म्हणून चोरून जाऊ नका.

जुनी पेटी (गुरुवार, २५ डिसेंबर, रात्री ९:५०)

नाताळच्या शुभेच्छा सगळ्यांना. उशीर झाला, आज दिवसभर फोन बंद होता.

गेलो. रामबागकर काकांनी खरंच सोडलं. ते दोन तास खाली गाडीत बसले, वर या म्हटलं तर म्हणाले, "माझं काय काम." गाऊन पिशवीत नेला होता. जिन्यात घातला. नवलख्याच्या त्या जिन्यात दिवा नाही, बटणं अंधारात लावली, एक खाली राहिलं.

सून दारात. मुलगा आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभा, शेवटपर्यंत आत आला नाही. मावशी फार लहान झाल्यात. मला बघून पहिलं वाक्य: "तेव्हा अंगाने बरा होतास." दुसरं: "क्वार्टरच्या मागचा कढीपत्ता कुणी पाणी घालतं का?" मी म्हटलं, माहीत नाही मावशी, मी गेलो नाही तिकडे. त्या म्हणाल्या, "हं."

दाराजवळची खुर्ची घेतली होती, मनकवडी ताई. पण तिथून त्यांच्या तोंडापर्यंत हात पोचेना, म्हणून पलंगावर बसावं लागलं.

ब्रेडचा कण रसात भिजवून चमच्याने दिला, गिळता येत नाही त्यांना. शब्द म्हणताना माझा आवाज नीट होता, याचं मलाच आश्चर्य वाटलं. नऊ वर्षांची सवय. मग मी विचारलं, स्तोत्र वाचू का. त्या म्हणाल्या, वाच. २३ वाचलं. ८८ त्यांच्यासाठी नव्हतं. अर्ध्यात डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या, आणि मी थांबलो, तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "पेन माझं होतं."

मला आधी कळलं नाही.

"त्या दिवशी. पाचही जणांनी माझ्याच पेनने सही केली. पर्समध्ये होतं. मीच काढून दिलं."

मी काही बोललो नाही. माफ केलं असंही म्हटलं नाही, कारण केलंय की नाही ते मला ठाऊक नाही. त्यांनी मागितलीही नाही. त्या म्हणाल्या, "वाच रे, ऐकू येतं." मी उरलेलं वाचलं.

निघताना सुनेने विचारलं, मला द्याल का? तिलाही दिलं. मुलाने दरवाजा उघडून धरला.

घरी आल्यावर आईने विचारलं कुठे गेला होतास. सांगितलं. ती म्हणाली, "गाऊनला वास येतोय, धुवायला टाक." मी म्हटलं कसला. ती म्हणाली, "औषधांचा."

महूकर (१०:१५)

एक बटण खाली राहिलं एवढीच तक्रार.

नगरी मेंढरू (१०:४०)

नियमात बसत नाही हे मी सांगणारच. पण मावशींना माझा जय ख्रिस्त कळवा. आणि त्या मुलाचा पत्ता मिळालाय, पुण्यात आहे. पत्र लिहायला घेतलंय, तीनदा फाडलं.

दोन वेण्या (१०:४८)

चौथं पाठवा.

सुकेळी (११:०२)

रस कुठला होता? आमच्या आजीला शेवटी वाइन चालत नव्हती, मनुका भिजवून केला होता.

जुनी पेटी (११:१०)

काळ्या द्राक्षांचं सरबत, कोपऱ्यावरच्या दुकानातलं. बाटली अर्धी उरलीये. फ्रिजमध्ये ठेवलीये, सुनेने पुढच्या शुक्रवारचं विचारलंय.